सोन्याच्या ठोकळ्याला कुणी हात लावू नये म्हणून

सराफाच्या दुकानात सोनं तोललं जाताना कधी नीट बघितलंय? काटा काचेच्या पेटीत असतो. गेल्या वर्षी आईच्या जुन्या पाटल्या घेऊन गेलो होतो. सराफांनी पाटली तबकात ठेवली, काचेचं दार सरकवलं आणि म्हणाले, "जरा थांबा, बसू द्या." शेवटचा अंक दोन-तीनदा वरखाली झाला आणि मग बसला. दार उघडं असतं तर बसलाच नसता. डोक्यावरचा पंखा, रस्त्यावरून आलेली झुळूक, वाकून बघणाऱ्या माझा श्वास, सगळं त्या अंकात उतरलं असतं.

ग्रॅमचा हजारावा भाग मोजायचा तर वारा अडवावा लागतो, हे कुणालाही पटेल. आज ज्या प्रयोगाबद्दल सांगायचं आहे त्यातही सोनं आहे, पेटी आहे, आणि 'जरा बसू द्या' एवढ्यासाठीच सगळा खटाटोप आहे. फक्त तिथे वाऱ्याऐवजी सूर्यप्रकाशाचा रेटा अडवायचा होता, पेटीच्या भिंतींची स्वतःची ओढ सांभाळायची होती, निर्वातात उरलेल्या चुकार रेणूंच्या टपल्यांचाही हिशेब ठेवायचा होता.

प्रयोगाचं नाव लिसा पाथफाइंडर. ईसा या युरोपीय अवकाश संस्थेचं हे यान ३ डिसेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून व्हेगा रॉकेटवर निघालं आणि जुलै २०१७ पर्यंत कामावर होतं. एवढ्या काळात त्याने एकही गुरुत्वीय लहर पकडली नाही. त्यासाठी ते पाठवलंच नव्हतं. पुढे लिसा नावाचं जे यंत्र लहरी पकडणार आहे, त्याचा सगळ्यात नाजूक भाग खरोखर चालतो का, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ते त्याने कसं दाखवलं, ही गोष्ट मला गेल्या काही वर्षांतल्या मोठमोठ्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

आधी लहरींबद्दल थोडं. जड वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या की आजूबाजूच्या अवकाशाचा ताण बदलतो आणि तो बदल प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरत जातो, असं आइन्स्टाइनने १९१६ मध्ये मांडलं. अशी लहर आपल्यातून जाते तेव्हा एका दिशेची अंतरं किंचित वाढतात आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेची किंचित आखडतात. पुढच्या क्षणी उलट. हे 'किंचित' किती, तर एकावर एकवीस शून्यं एवढ्या भागांतला एखादा भाग. अमेरिकेतल्या लायगो या लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या भुजा, म्हणजे लेझरचा किरण ज्यांतून ये-जा करतो त्या नळ्या, चार किलोमीटर लांब आहेत. त्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या काहीशेव्या भागाएवढा भरतो. तरीही १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने तो पकडला. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, आणि १३० कोटी वर्षं प्रवास करून आलेली त्यांची लहर सेकंदाच्या पाचव्या भागात आपल्यातून निघून गेली.

ही झाली छोटी कृष्णविवरं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी जे आहे त्याचं वस्तुमान सूर्याच्या चाळीस लाख पट आहे. दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या पोटातली अशी अजस्र कृष्णविवरंही कधीतरी एकमेकांभोवती फिरू लागतात. त्यांची लहर सेकंदाला शंभरदा थरथरत नाही. तिचं एक आंदोलन पुरं व्हायला मिनिटं लागतात, कधी तास. आणि फार लांब जायलाही नको. आपल्याच आकाशगंगेत श्वेत खुजा, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या जोड्या आहेत. एचएम कॅन्क्री नावाच्या जोडीतले दोन तारे एकमेकांभोवती साडेपाच मिनिटांच्या आत एक फेरी मारतात. तिथूनही लहरी सतत येत आहेत, आत्ता हे वाचत असतानाही येत आहेत. आपल्या कानांना हा खर्ज ऐकू येत नाही इतकंच.

जमिनीवरून तो ऐकू येणारही नाही, कारण इथे सराफाच्या पेटीची युक्ती संपते. वारा अडवता येतो. हादरे बऱ्याच अंशी अडवता येतात: लायगोचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांवर एकाखाली एक लंबकांसारखे टांगलेले आहेत. पण गुरुत्वाकर्षण अडवणारी पेटी कुणालाच बनवता आलेली नाही. भूकंपाची एखादी दूरची, कुणाला न जाणवणारी लहर जमिनीतून सरकते तेव्हा आरशाखालची माती थोडी दाबली जाते, थोडी सैलावते. मातीचं वस्तुमान सरकलं की आरशावरची तिची ओढ बदलते. आभाळातून थंड, जड हवेचा लोट गेला तरी तसंच. धागा कितीही चांगला असो, ही ओढ थेट आरशालाच लागते. सेकंदाला दहाबारा आंदोलनांच्या खाली उतरत गेलं की अशा हादऱ्यांचा आणि ओढींचा कल्लोळ वाढत जातो, आणि मिनिटामिनिटांच्या लहरी त्यात पार बुडून जातात.

म्हणून अवकाशात जायचं.

पण तिथे जाऊन मोजायचं काय? दोन मोकळ्या वस्तूंमधलं अंतर. 'मोकळ्या' या शब्दावर इथे जोर आहे. ज्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाशिवाय कसलाच जोर लागत नाही ती वस्तू पडते: कशाच्या तरी भोवती, पण निखळ पडते. अशा दोन पडत्या वस्तू एकमेकींपासून दूर ठेवल्या आणि मधलं अंतर बदललं, तर त्याचा अर्थ अवकाशच ताणलं गेलं. त्यातल्या एखादीला कुठूनही बारीकसा धक्का लागला, तर त्या धक्क्याचा आणि लहरीचा फरक सांगता येणार नाही.

आपल्याला वाटतं, अवकाशात यान सोडलं की झालं ते मोकळं. तसं होत नाही. सूर्यप्रकाशालाही दाब असतो. पृथ्वीच्या अंतरावर एका चौरस मीटरवर तो साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाएवढा भरतो. सराफाच्या त्या काट्याला हा दाब दिसणारसुद्धा नाही. आता थोडी आकडेमोड करू. यानाची सूर्याकडची बाजू पाचेक चौरस मीटरची धरली आणि यानाचं वजन चारशे-साडेचारशे किलो धरलं, तर या दाबामुळे यानाला जो वेग मिळत जातो तो या प्रयोगात चालणाऱ्या धक्क्याच्या कोटी पटीच्या घरात जातो. यानाच्या आत चार मिलिमीटरच्या फटीत एक वस्तू मोकळी तरंगत ठेवली, तर दहा मिनिटांच्या आत यानाची भिंत तिच्यावर येऊन टेकेल. कारण वस्तू सावलीत आहे, ती निखळ पडतेय. उन्हात आहे ते यान.

यावर जी तोड काढली ती मला फार आवडते. वाऱ्याच्या दिवसांत तुळशीपाशी दिवा लावायला जाणारी बाई आठवा. तिने ज्योतीभोवती हाताचा किंवा पदराचा आडोसा धरलेला असतो. आडोसा ज्योतीला लागता कामा नये आणि फार लांबही जाता कामा नये. वारा हातावर येतो, ज्योतीवर येत नाही. लिसा पाथफाइंडर हे यान म्हणजे तो हात. आतली वस्तू आपली पडत राहते. यान तिच्याकडे सतत बघत असतं, आपण किती सरकलो ते ताडतं, आणि आपल्याच बारीक फवाऱ्यांनी स्वतःला परत जागेवर आणतं. यान वस्तूला सांभाळून नेत नाही, तिच्या मागोमाग जातं. रस्ता वस्तूच ठरवते.

हे फवारे म्हणजे नायट्रोजन वायूच्या इवल्या तोट्या. त्यांचा जोर मायक्रोन्यूटनांत मोजतात. एक मायक्रोन्यूटन म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाचं वजन. एखाद्या डासाचं वजन साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच्या आसपासच्या जोराने हे यान हलवायचं, तेही सेकंदाला अनेकदा आणि महिनोन् महिने. नासानेही आपली वेगळ्या तऱ्हेची फवारा यंत्रणा त्याच यानावर बसवून तपासून घेतली. तिच्यात वायूऐवजी द्रवाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब बाहेर फेकले जात होते.

आता ती वस्तू. यानात तसे दोन ठोकळे होते. प्रत्येक बाजू ४६ मिलिमीटर, म्हणजे मुठीत मावेल एवढा घन. वजन मात्र जवळपास दोन किलो. किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन डोळ्यांसमोर आणा. तेवढाच भार, पण आकाराने त्याच्या निम्म्याहून कमी. हे शक्य झालं कारण ठोकळे सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे होते, साधारण तीन भाग सोनं आणि एक भाग प्लॅटिनम. सोनं काही मिरवायला घेतलं नव्हतं. वस्तू जितकी जड आणि लहान, तितकं तिला बाहेरच्या टपल्यांनी हलवणं कठीण. दुसरं कारण आणखी सुरेख आहे. चुंबकाजवळ नेलं तर सोनं अगदी हलकेच दूर ढकललं जातं आणि प्लॅटिनम हलकेच ओढलं जातं. योग्य प्रमाणात मिसळले की दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, आणि ठोकळा यानातल्या तारांच्या चुंबकत्वाला दाद देत नाही.

दोन ठोकळे एकमेकांपासून सुमारे ३८ सेंटिमीटरवर, आपापल्या पेटीत. लिसा हे खरं यंत्र उभं राहील तेव्हा त्यातली एक भुजा लाखो किलोमीटरची असेल. पाथफाइंडरने ती भुजाच आवळून एका यानाच्या पोटात बसवली. इतक्या आखूड अंतरात गुरुत्वीय लहरीचा फरक दिसण्याची शक्यताच नव्हती, आणि तेच सोयीचं होतं: अंतरात जे काही बदलेल ते लहरीमुळे नसणार, आपल्याच यंत्राच्या त्रुटीमुळे असणार. म्हणजे त्रुटी मोजायला याहून स्वच्छ जागा नाही.

एक अडचण होती. यान एकच, ठोकळे दोन. यान एकाच वेळी दोघांच्या मागे कसं जाणार? म्हणून एक ठोकळा अगदी मोकळा ठेवला आणि यान त्याच्या मागे गेलं. दुसऱ्याला भोवतालच्या पत्र्यांवरच्या विजेच्या दाबाने अधूनमधून हलकेच जागेवर आणलं जाई. किती जोर लावला याची नोंद असे, आणि हिशेबातून तो वजा केला जाई.

आता ठोकळ्याची शांतता मोडणाऱ्या गोष्टींकडे येऊ. खरी कारागिरी इथे आहे.

यानाच्या प्रत्येक भागाला वस्तुमान आहे, म्हणजे प्रत्येक भाग ठोकळ्याला ओढतो. बॅटरी ओढते, तारांचा जुडगा ओढतो, स्क्रूसुद्धा ओढतो. इंग्लंडमध्ये स्टीव्हनेजला यान जोडताना कुठला भाग किती वजनाचा आणि नेमका कुठे बसला याची चोख नोंद ठेवली गेली, त्यावरून ठोकळ्यांवरची एकूण ओढ मांडली गेली, आणि ती समतोल करायला ठोकळ्यांशेजारी मोजून-मापून टंगस्टनचे तुकडे बसवले गेले. यान अवकाशात गेल्यावर तिथे पाना घेऊन कुणी जाणार नव्हतं. इथली चूक तिथे कायमची राहिली असती. प्रत्यक्षात हा समतोल अपेक्षेहून चांगला निघाला. मला वाटतं, ज्यांनी त्या नोंदी ठेवल्या त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण या यशात त्यांचा वाटा मोठा आहे.

मग विद्युतभार. अवकाशातून येणारे वेगवान कण यानाच्या भिंती भेदून ठोकळ्यावर आदळतात आणि त्याच्यावर हळूहळू भार साठतो. भार साठला की भोवतालचे पत्रे त्याला ओढू लागणार. घरात आपण यंत्राला अर्थिंगची तार लावतो. इथे तार लावली तर ठोकळा मोकळा राहिला कुठे? म्हणून त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाशाच्या माराने पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन सुटतात, कधी ठोकळ्यावरून पत्र्यावर, कधी पत्र्यावरून ठोकळ्यावर, आणि भार उतरतो. हात न लावता.

आणि हवा. पेटीत निर्वात होता, पण पूर्ण निर्वात कुठेच नसतो. धातूतून, चिकटवलेल्या भागांतून, तारांच्या आवरणातून वायू सुटत राहतो. ते रेणू ठोकळ्यावर कधी या बाजूने, कधी त्या बाजूने आदळतात. अवकाशात गेल्यावर पेटीची एक वाट सरळ बाहेरच्या अवकाशाकडे उघडली होती, त्यामुळे दिवसागणिक हे रेणू विरळ होत गेले. पहिल्या महिन्यांत मोजलेली थरथर आणि वर्षभरानंतरची थरथर यांत स्पष्ट फरक दिसतो. यंत्र तेच, ठोकळा तोच, फक्त खोली आणखी रिकामी झालेली.

हे सगळं बघायचं कशाने, तर लेझरने. ग्लासगो विद्यापीठात एक पाट बनवला: वीस-एकवीस सेंटिमीटरचा, झेरोडूर नावाच्या काचेचा. तापमान बदललं तरी ही काच जवळजवळ फुगत-आकसत नाही. त्यावर २२ छोटे आरसे आणि प्रकाश दुभंगणाऱ्या काचा रासायनिक बंधाने अशा जोडल्या की पाट आणि आरसे जणू एकाच काचेचे झाले. रॉकेटच्या हादऱ्यांत त्यातला एकही हलून चालणार नव्हता. लेझरचा किरण एका ठोकळ्याच्या सोनेरी पृष्ठावरून उसळी घेऊन दुसऱ्यावर जाई आणि परत येई. ठोकळाच आरसा. परतलेला किरण मूळ किरणात मिसळला की दोघांच्या लाटा कुठे जुळतात आणि कुठे छेदतात त्यावरून अंतरातला बदल वाचता येतो. या पाटाने अणूच्या रुंदीच्या हजारो भागांतल्या एका भागाएवढे बदल टिपले. ठरवलेल्या कसोटीपेक्षा कितीतरी सरस.

यान गेलं कुठे? पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर एल-वन नावाची जागा आहे, तिच्याभोवतीच्या कक्षेत. तिथे सूर्य नेहमी एकाच बाजूला असतो, पृथ्वीची सावली पडत नाही, त्यामुळे तापमान स्थिर राहतं. आधी यानाने पृथ्वीभोवती मोठ्या होत जाणाऱ्या फेऱ्या मारल्या आणि २२ जानेवारी २०१६ ला वाहून आणणारा इंजिनाचा भाग सोडून दिला. त्यानंतर आला सगळ्यांचा श्वास रोखून धरणारा टप्पा.

उड्डाणाच्या धक्क्यांत दोन किलोचा ठोकळा चार मिलिमीटरच्या फटीत खुळखुळला असता तर पेटीच फुटली असती. म्हणून त्याला आठ कोपऱ्यांवर काहीशे किलो वजनाच्या दाबाने आवळून धरलं होतं. पण सोनं मऊ असतं आणि निर्वातात धातू धातूला चिकटतो. इतक्या जोराने धरलेली वस्तू सोडताना मात्र तिला जवळजवळ शून्य वेग द्यायचा होता, सेकंदाला मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. बाळाला मांडीवरून पाळण्यात ठेवताना हात कसा काढतात ते ज्यांनी केलंय त्यांना इथली धडधड कळेल. आधी मुख्य पकड सुटली. मग दोन बाजूंनी धरलेल्या छोट्या दांड्या, आणि शेवटी त्यांची बारीक टोकं मागे घेतली. एक ठोकळा १५ फेब्रुवारीला मोकळा झाला, दुसरा १६ ला.

त्या आठवड्याची तारीखवार उजळणी करून बघा. ११ फेब्रुवारी २०१६ ला लायगोने जगाला सांगितलं की गुरुत्वीय लहर सापडली. १५ आणि १६ ला एल-वनजवळ दोन ठोकळे सुटले. आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. त्या वेधशाळेसाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची जागा निवडली गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. तिथल्या चार किलोमीटरच्या भुजा छोट्या कृष्णविवरांची झपाट्याने थरथरणारी लहर टिपतील. मिनिटामिनिटांची लहर टिपायचं काम त्या ठोकळ्यांच्या वारसदारांचं. दोन्ही लागतात.

१ मार्च २०१६ ला मोजणी सुरू झाली आणि ७ जूनला पहिला निकाल आला. कसोटी होती ती भविष्यातल्या लिसाला लागणाऱ्या शांततेपेक्षा बरीच सैल, कारण एका लहानशा चाचणी यानाकडून सगळं मागणं योग्य नव्हतं. ठोकळ्यांची शांतता त्या कसोटीच्या पाच पट चांगली निघाली. दोघांमधली उरलेली ओढाताण किती, तर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे दोन हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एखादा भाग. दोन किलोच्या ठोकळ्यावर हा जोर एका जिवाणूच्या वजनाएवढा पडतो. ट्रेंटो विद्यापीठाचे स्तेफानो विताले आणि हॅनोव्हरचे कार्स्टन डान्झमान यांच्यासारख्या माणसांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका आकड्यासाठी दिली होती. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत अखेरचा निकाल आला तेव्हा तो पहिल्यापेक्षाही तिपटीने सुधारलेला होता. आता खऱ्या लिसाची कडक कसोटीसुद्धा ओलांडली गेली होती. मानवाने बनवलेली कोणतीही वस्तू याआधी इतक्या निखळपणे पडलेली नव्हती.

काही कोडी उरली. सगळ्यात संथ थरथरीचा काही भाग कुठून येतो ते पूर्ण उलगडलेलं नाही. शिवाय साधारण दिवसाला एकदा ठोकळ्यावर एखादा छोटा, अचानक झटका येई. दडून बसलेला वायू भसकन सुटल्याने तो येत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. बाहेरून येणारे झटके वेगळे: सूक्ष्म उल्काकण यानावर आदळत, आणि यान स्वतःला सावरण्यासाठी फवारे कसे मारतं यावरून तो कण कुठल्या दिशेने आला हे सांगता येई. असे पन्नासहून अधिक आघात नोंदले गेले. ठोकळा शांत ठेवण्यासाठी बनवलेलं यंत्र धूळ मोजण्याच्याही कामी आलं, हे कुणी आधी फारसं योजलेलं नव्हतं.

पकड सोडण्याचं कामही ठरवल्याइतकं हळुवार झालं नव्हतं. ठोकळे अपेक्षेपेक्षा जास्त वेग घेऊन सुटले होते आणि विजेच्या दाबाने त्यांना सावरावं लागलं होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यांत, बाकीचा अभ्यास आटोपल्यावर, त्याच ठोकळ्यांना पुन्हा पुन्हा धरून आणि सोडून बघितलं. यान संपत आलं असताना पुढच्या यानासाठी केलेली ही तालीम होती. यानाला त्याआधी एप्रिलमध्येच सूर्याभोवतीच्या अशा कक्षेत नेलं होतं की शंभरेक वर्षं तरी ते पृथ्वीच्या वाटेत येऊ नये. १८ जुलै २०१७ च्या संध्याकाळी ते बंद केलं गेलं.

ठोकळे शांत राहतात हे कळलं, तरी एक प्रश्न उरत होता. ३८ सेंटिमीटरवरून बघणं वेगळं आणि दोन वेगवेगळ्या यानांमधून बघणं वेगळं. त्याची चाचणी एका भलत्याच मोहिमेत झाली. ग्रेस फॉलो-ऑन हे जुळे उपग्रह मे २०१८ मध्ये सुटले. त्यांचं मूळ काम पृथ्वीवरचं पाणी आणि बर्फ तोलण्याचं. जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं की तिथली ओढ कमी होते, आणि वरून जाणाऱ्या दोन उपग्रहांमधलं अंतर बदलतं. या जोडीवर, सुमारे २२० किलोमीटरच्या अंतरात, लेझरने अंतर मोजणारं यंत्र प्रथमच बसवलं होतं. ते चाललं, आणि उत्तम चाललं.

लिसामध्ये हे अंतर २५ लाख किलोमीटर असेल. तीन यानं, त्यांचा एक त्रिकोण, पृथ्वीसोबत सूर्याभोवती फिरणारा. एका यानावरून निघालेला प्रकाश दुसऱ्यावर पोहोचायला आठ सेकंदांहून अधिक लागतील आणि तोवर किरण पंधरा-वीस किलोमीटर रुंद पसरलेला असेल. त्यातला इतका थोडा प्रकाश दुर्बिणीत येईल की तो आरशाने परत पाठवण्यात अर्थच नाही. म्हणून पलीकडचं यान आलेल्या क्षीण किरणाशी ताल जुळवून स्वतःचा ताजा किरण परत धाडेल.

त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कायम सारख्या राहणार नाहीत, वर्षभरात टक्काभर कमीजास्त होतील. लायगोत दोन्ही भुजा सारख्या असल्याने लेझरचा स्वतःचा कंप आपोआप खोडला जातो. इथे तो खोडला जाणार नाही, आणि तो लहरीपेक्षा कितीतरी पट मोठा असेल. उपाय असा की प्रत्येक यानाची नोंद जशीच्या तशी जमिनीवर आणायची, प्रकाशाला लागलेल्या वेळेइतकी मागेपुढे सरकवायची आणि मग त्या नोंदी अशा बेरीज-वजाबाकीने जुळवायच्या की कंप नाहीसा व्हावा आणि लहर उरावी. अशा कोणकोणत्या जुळण्या शक्य आहेत याची बीजगणिती मांडणी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत झाली आहे. संजीव धुरंधर, राजेश नायक आणि फ्रान्सचे ज्याँ-इव्ह विने यांचा तो शोधनिबंध २००२ चा. हा त्रिकोण इंजिनाच्या मदतीविना वर्षानुवर्षं आकार कसा टिकवतो, यावरही आयुकातून काम झालं आहे. दूर अवकाशातल्या या यंत्राच्या हिशेबाचा एक धागा असा विद्यापीठाच्या आवारातून निघतो, हे पुण्यातल्यासुद्धा फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून आवर्जून सांगितलं.

ईसाने २५ जानेवारी २०२४ रोजी लिसाला अंतिम मंजुरी दिली. उड्डाण २०३५ च्या सुमारास ठरलं आहे. नासा दुर्बिणी, लेझर आणि भार उतरवणारी यंत्रणा देणार आहे. अतिनील प्रकाशासाठी जुन्या पाऱ्याच्या दिव्यांऐवजी आता एलईडी येतील. ठोकळे मात्र तेच: ४६ मिलिमीटरचे, दोन किलोच्या आतबाहेरचे, सोन्या-प्लॅटिनमचे. प्रत्येक यानात दोन, म्हणजे एकूण सहा. आणि त्यांना सोडताना हात कसा काढायचा, ते शिकवून गेलेलं यान आपले दोन ठोकळे पोटात घेऊन सूर्याभोवती फिरतंच आहे.